प्रोजेक्ट इम्प्लिसिटची आयएटी चाचणी: अभिवृत्ती कळते, वर्तन कितपत?

मानसशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमात अभिवृत्तीचा, म्हणजे एखाद्या गोष्टीविषयीच्या अनुकूल-प्रतिकूल कलाचा, धडा आला की व्याख्या पाठ होते आणि बोधात्मक, भावनिक, वर्तनात्मक हे तीन घटकही पाठ होतात. अभिवृत्ती मोजतात कशी आणि मोजल्यावर माणसाच्या वागण्याबद्दल नेमकं काय सांगता येतं, हे मात्र हाताला लागत नाही. ती उणीव भरून काढायला ‘प्रोजेक्ट इम्प्लिसिट’ या संकेतस्थळावरची इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, म्हणजेच आयएटी, फार उपयोगी आहे. चाचणी मोफत आहे, साधारण दहा मिनिटांत होते आणि निकाल लगेच दिसतो. पण तो निकाल वाचताना बहुतेक जण घसरतात, म्हणून इथे चाचणीइतकीच जागा निकालाला दिली आहे.

ही पद्धत अँथनी ग्रीनवाल्ड, डेबी मॅक्गी आणि जॉर्डन श्वार्ट्झ यांनी 1998 साली मांडली. संकेतस्थळ उभं करण्यात ग्रीनवाल्ड यांच्यासोबत महजरीन बानाजी आणि ब्रायन नोसेक होते. तत्त्व सोपं आहे. मनात ज्या दोन गोष्टींची सांगड पक्की असते, त्यांना एकच कळ दिली की हात पटकन चालतो. सांगड सैल असेल तर अडखळतो. हे अडखळणं मिलिसेकंदांत मोजलं जातं.

वयाविषयीची चाचणी घेऊ. पडद्यावर एकेक चेहरा किंवा शब्द येतो आणि तो डावीकडे ‘ई’ किंवा उजवीकडे ‘आय’ कळ दाबून वर्गात टाकायचा असतो. प्रचलित रचनेत सात टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात 20 वेळा फक्त तरुण आणि वृद्ध चेहरे, दुसऱ्यात 20 वेळा फक्त चांगल्या-वाईट अर्थाचे शब्द. तिसऱ्यात 20 आणि चौथ्यात 40 वेळा दोन्ही एकत्र, समजा ‘तरुण’ व ‘चांगलं’ एका कळीवर. पाचव्यात चेहऱ्यांच्या बाजू बदलतात, आणि सहाव्या-सातव्यात पुन्हा 20 व 40 वेळा उलटी जोडी: ‘वृद्ध’ व ‘चांगलं’ एका कळीवर. चूक झाली की लाल फुली येते आणि बरोबर कळ दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो वाढीव वेळही मोजणीत धरला जातो.

रचनेतली खरी अडचण पाचव्या टप्प्यात आहे. पहिल्या जोडीची सवय बोटांत बसलेली असते, त्यामुळे जी जोडी आधी आली ती थोडी सोपी वाटते आणि परिणाम तिच्या बाजूला किंचित झुकतो. म्हणूनच पाचवा टप्पा 20 ऐवजी 40 वेळांचा ठेवावा, अशी शिफारस पुढे संशोधकांनीच केली, आणि कोणती जोडी आधी द्यायची हे सहभागींमध्ये आलटून-पालटून ठरवलं जातं. वर्गात चाचणी घेत असाल तर प्रत्येकाला कोणती जोडी आधी आली याची नोंद ठेवायला सांगा. सरासरी काढताना तिचा उपयोग होतो.

आता गुण. समजा तिसऱ्या टप्प्यात सरासरी वेळ 720 मिलिसेकंद आणि सहाव्यात 860. फरक 140. या दोन टप्प्यांतल्या सगळ्या प्रतिसादांचं एकत्रित प्रमाण विचलन (वेळा सरासरीभोवती किती पसरल्या आहेत याचं माप) 280 असेल, तर भागाकार 0.5. चौथ्या-सातव्या जोडीत फरक 90 आणि प्रमाण विचलन 300 असेल, तर 0.3. दोन्हींची सरासरी 0.4, हाच ‘डी’ गुण. 0.15 च्या खाली नगण्य, 0.15 पासून किंचित, 0.35 पासून मध्यम, 0.65 पासून तीव्र असे टप्पे रूढ आहेत, म्हणजे आपलं उदाहरण ‘मध्यम’ ठरेल. 10,000 मिलिसेकंदांहून लांबलेले प्रतिसाद गाळतात, आणि 10 टक्क्यांहून जास्त प्रतिसाद 300 मिलिसेकंदांच्या आत आले असतील तर निकालच बाद होतो, कारण माणूस न वाचता कळा दाबत होता असा त्याचा अर्थ. प्रमाण विचलनाने भागण्याचा फायदा फार मोठा आहे: मुळातच सावकाश वाचणाऱ्या किंवा परकी भाषा वाचणाऱ्या व्यक्तीवर होणारा अन्याय त्यामुळे बराच कमी होतो. पूर्ण जात नाही. शब्द अनोळखी असतील तर चाचणी सुरू होण्याआधी दिसणारी यादी सावकाश वाचून घ्यावी.

इथपर्यंत साधन उत्तम आहे. अप्रकट, म्हणजे उघड न बोलता आपोआप काम करणारी, अभिवृत्ती ही धूसर कल्पना ते डोळ्यांसमोर आणून ठेवतं, आणि समाजाला शोभेल असं उत्तर देण्याची वृत्ती प्रश्नावलीत जितकी सहज शिरते तितकी इथे शिरत नाही.

खटकतं ते निकालाचं वाक्य. ‘तुमचा कल मध्यम प्रमाणात तरुणांकडे आहे’ असं वाचलं की माणूस ते आपल्या स्वभावाचं निदान समजतो. पण त्याच व्यक्तीने काही दिवसांनी पुन्हा चाचणी दिली तर दोन निकालांतला सहसंबंध (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण जुळणी) साधारण 0.5 च्या आसपास असतो. शेकडो लोकांची सरासरी काढायला एवढी विश्वसनीयता पुरते, एका माणसावर शिक्का मारायला अजिबात पुरत नाही. एकदाच मोजलेल्या रक्तदाबावरून कोणी आयुष्यभराचं औषध सुरू करत नाही, तसंच हे. संकेतस्थळही निकाल निश्चित मानू नका असं बजावतं, पण लोक ठळक अक्षरांतला निकालच तेवढा वाचतात.

वर्तनाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये केलेल्या महाविश्लेषणात (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेल्या विश्लेषणात) आयएटी आणि वर्तन यांचा सरासरी सहसंबंध सुमारे 0.27 आला. ऑस्वल्ड आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये वंश आणि वांशिक गटांविषयीचे अभ्यास तपासले, तेव्हा तो 0.15 च्या आसपास भरला. या सहसंबंधांना त्यांनीच गुणलं तर कळतं की वर्तनातल्या फरकांपैकी अनुक्रमे सुमारे 7 आणि 2 टक्के भागच आयएटीवरून समजतो. पुढे 2019 मध्ये फोर्शर आणि सहकाऱ्यांनी 492 अभ्यास एकत्र करून दाखवलं की अप्रकट मोजमाप थोडं हलवता येतं, पण ते हलल्यामुळे वर्तन बदलतं असं दिसत नाही. चाचणी घेऊन कर्मचाऱ्यांचं वागणं सुधारल्याचा दावा करणाऱ्या प्रशिक्षणांकडे म्हणूनच सावधपणे पाहायला हवं, आणि नोकरीसाठी माणूस निवडताना या गुणाला हातही लावू नये.

सहसंबंध इतका कमी का? मोठं कारण म्हणजे मोजमापांची पातळी जुळत नाही. डेव्हिडसन आणि जॅकार्ड यांचा 1979 चा अभ्यास इथे हमखास शिकवावा. गर्भनिरोधनाविषयीची सर्वसाधारण अभिवृत्ती आणि पुढच्या दोन वर्षांत गोळ्या घेणं यांचा सहसंबंध फक्त 0.08 होता. हाच प्रश्न ‘येत्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः गोळ्या घेण्याबद्दल’ असा विचारला तेव्हा तो 0.57 झाला. कृती, तिचा विषय, प्रसंग आणि काळ हे चारही प्रश्नात आणि वर्तनात सारखे असतील तरच अंदाज बरोबर येतो. आयएटी ‘वृद्ध’ हा अख्खा वर्ग मोजते. मंगळवारी रांगेतल्या एका आजोबांना तुम्ही पुढे जाऊ द्याल का, हे ती सांगू शकत नाही. दुसरं कारण मानसशास्त्रज्ञ फॅझिओ यांच्या मांडणीत सापडतं: विचार करायला वेळ आणि इच्छा दोन्ही असतील तर माणूस जाणीवपूर्वक वागतो. घाईत, थकलेला असताना किंवा नजर, अंतर, आवाजाचा सूर अशा नकळत होणाऱ्या गोष्टींत अप्रकट कलाचा जोर जास्त असण्याची शक्यता असते. शिवाय इतरांची अपेक्षा आणि ‘मला हे जमेल’ ही खात्री यांचाही वाटा असतो, हे आयझेन यांनी 1991 च्या नियोजित वर्तनाच्या सिद्धान्तात मांडलंच आहे.

त्यामुळे चाचणी एकटी वापरू नका. आधी सात बिंदूंच्या मापनश्रेणीवर तोच विषय थेट विचारा, मग आयएटी द्या, आणि शेवटी एखादं ठरावीक वर्तन किमान पाच-सहा वेगवेगळ्या प्रसंगी नोंदवा; एका प्रसंगात योगायोग फार असतो, अनेक प्रसंगांच्या बेरजेत तो कमी होतो. चाचणी शक्यतो कीबोर्डवर, शांत खोलीत द्यावी. टचस्क्रीनवर बोटाला जागा बदलावी लागते आणि वेळेत गोंधळ वाढतो. विद्यार्थ्यांकडून वैयक्तिक गुण मागू नयेत, ज्याला द्यायचे असतील त्याने नाव न लिहिता चिठ्ठीवर द्यावेत आणि वर्गाची सरासरी फळ्यावर काढावी.