एम.२ एक्सटेंशन अडॅप्टर: केबल झकास, सोळा कपॅसिटर फालतू

चार लेनची (डेटाच्या चार वाटा असलेली) एसएसडी कॅबिनेटबाहेर काढून टेस्ट करायची होती, म्हणून हा अडॅप्टर घेतला. एका टोकाला मदरबोर्डच्या एम.२ स्लॉटमध्ये बसणारं कार्ड, मधे वीतभर केबल, दुसऱ्या टोकाला एसएसडीसाठी स्लॉट. खोक्यावर ठळक ‘जेन ४’, म्हणजे पीसीआयई या जोडणीची चौथी पिढी: लेनमागे १६ जीटी/से (सेकंदाला १६ अब्ज ट्रान्सफर), जेन ३ ला ८. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बोर्ड ओळखायची खूण पुढे येईलच.

केबल खरंच चांगली आहे. साधी चपटी रिबन नाही, प्रत्येक जोडीला वेगळं शील्ड आहे. स्क्रू घट्ट बसतात.

पहिल्या दिवशी सगळं सुरळीत चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड मशीन चालू केलं, एलएसपीसीआय (लिनक्सवर जोडणीची माहिती दाखवणारी कमांड) बघितलं, तर रुंदी एक्स२, म्हणजे चारपैकी दोनच लेन. रीबूट केल्यावर एक्स४, पण वेग १६ ऐवजी ८ जीटी/से. तीच एसएसडी थेट मदरबोर्डवर लावली की दरवेळी एक्स४ आणि १६. मग संशय कोणावर घ्यायचा?

अडॅप्टर मायक्रोस्कोपखाली धरला. स्लॉटच्या मागे ०४०२ आकाराचे कपॅसिटर ओळीने बसलेले, मोजले तर सोळा. हीच ती खूण. पीसीआयईमध्ये कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून सिग्नल पुढे सोडणारे) सिग्नल पाठवणाऱ्याच्या बोर्डवर असतात: मदरबोर्डचे मदरबोर्डवर, एसएसडीचे एसएसडीवर. अडॅप्टर स्वतः काहीच पाठवत नाही, त्याने नुसती तार असावं. कोणीतरी रेफरन्स स्किमॅटिक डोळे मिटून उतरवलंय, दुसरं काय!

एक काढून एलसीआर मीटरवर लावला: ९८ नॅनोफॅरड, म्हणजे १०० चा. मदरबोर्डवरचा २२० धरला, तर सिरीजमध्ये उरतात साधारण ६९. जेन ३ पासून पुढे मर्यादा आहे १७६ ते २६५. जेन १ ची ७५ ची खालची मर्यादासुद्धा हा पठ्ठ्या पाळत नाही.

अनेकांना वाटतं की कपॅसिटर लहान झाला की वेगवान सिग्नल अडतो. तसं नाही. ८ गिगाहर्ट्झला १०० काय नि २२० काय, दोन्ही शॉर्टच. मार बसतो खालच्या टोकाला: १०० ओहम धरले तर कट-ऑफ (ज्याखाली सिग्नल अडतो ती वारंवारता) ७ किलोहर्ट्झवरून २३ वर सरकतो. जेन १-२ च्या ८बी/१०बी कोडिंगमध्ये (८ बिटांचे १० करून पाठवायचे) एकसारखे बिट सलग पाचच्या वर येत नसत. जेन ३ पासूनच्या १२८बी/१३०बी मध्ये तशी हमी नाही, त्यामुळे लांब ओळ आली की बेसलाइन (सिग्नलची मधली पातळी) हलते. शिवाय पलीकडे रिसीव्हर आहे का, हे ट्रान्समीटर लाइन किती हळू चार्ज होते त्यावरून ओळखतो. कपॅसिटन्स कमी, तर लाइन पटकन भरते आणि त्याला वाटतं तिकडे कोणीच नाही. ही तपासणी लेननुसार होते, म्हणून दोन लेन गायब.

रविवारची अख्खी दुपार घालवून सोळाही काढले आणि जागी शून्य ओहमचे जंपर लावले. एक पॅड उचकटता उचकटता राहिला. त्यानंतर तीस वेळा थंड मशीन चालू केलं, तीसही वेळा एक्स४.

वेगाचं दुखणं मात्र गेलं नाही. लिंक १६ वर चढते, पण लॉगमध्ये बॅड टीएलपी (बिघडलेली डेटा पॅकेट) आणि रिसीव्हर एररचा पाऊस, आणि थोड्या वेळाने पुन्हा ८. ऑफिसच्या टीडीआरवर (तारेत इम्पीडन्स कुठे बदलतो ते दाखवणारं यंत्र) लावलं तर ८५ ओहमच्या सपाट रेषेत बरोबर पॅडच्या जागी खड्डा, ७० च्या आसपास. ट्रेस बारीक, पॅड अर्धा मिलिमीटर रुंद, आणि खाली अखंड ग्राउंड प्लेन. पॅडखालचं तांबं कापून खिडकी ठेवली असती तर हा खड्डा बराच भरून निघाला असता. ते डिझाइन करतानाच करायचं काम. माझ्या सोल्डरिंग आयर्नच्या हातात नाही.

आता बायोसमध्ये स्लॉट जेन ३ वर बांधून ठेवलाय. तीन आठवडे झाले, एकही एरर नाही. म्हणजे जेन ३ पुरत असेल आणि सोळा जंपर लावायची चिकाटी असेल, तरच घ्या.

कंपनीला फोटो आणि मोजमापं पाठवली होती. उत्तर आलं: बायोस अपडेट करून पाहा.

दोन तारे देतोय, दोन्ही केबलला.