०.१८ काढून ०.१८च बसवलं: नायट्रो ट्रकचं इंजिन बदलल्यानंतरचा अनुभव

पाऊस ओसरला तेव्हापासून माझा १:१० मापाचा, रिमोटवर चालणारा नायट्रो इंधनाचा मॉन्स्टर ट्रक बदललेल्या इंजिनावर पळतोय. मधे दिवाळी झाली, संक्रांत झाली, आता होळीनंतरचं ऊन लागायला लागलंय. बेळगावची थंडी, शिवारातली धूळ, घाट उतरून समुद्रकिनारा, सगळं या इंजिनानं बघितलंय. तेव्हा आता बोलायला हरकत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: ट्रकमधलं ०.१८चं इंजिन काढून मी ०.१८चंच बसवलं, आणि जे सुख त्यातून मिळालं ते मोठं इंजिन घालून मिळालं नसतं.

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितीचं घातलंस?" हे आकडे घनइंचातले. ०.१५ म्हणजे सुमारे २.५ सीसी, ०.१८ म्हणजे जवळपास ३ सीसी, ०.२१ म्हणजे ३.५ आणि ०.२८ म्हणजे ४.६ सीसी. ०.१२ ते ०.१८ ही स्मॉल ब्लॉक, ०.२१ च्या पुढची बिग ब्लॉक. ही रेघ महत्त्वाची, कारण बिग ब्लॉकचं धडच मोठं असतं. त्याला माउंट (चॅसिसवर इंजिन धरून ठेवणारे तुकडे) वेगळे लागतात, चॅसिसमधे फ्लायव्हीलसाठी जास्त जागा लागते, आणि वाढलेलं वजन गाडीच्या एकाच अंगाला येतं.

निपाणीच्या एका मित्रानं असल्याच ट्रकमधे ०.२१ घातलं. तंबाखूच्या वखारीमागच्या मैदानावर पहिल्या दिवशी गाडी अक्षरशः उडाली. पुढच्या आठवड्यात प्लास्टिकच्या स्पर गिअरचे (इंजिनाकडून ताकद घेणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाचे) दात गेले. त्यानं स्टीलचा स्पर घातला, तर डिफरन्शियल गेलं. ते बदललं तर ड्राइव्ह शाफ्ट वाकला. ताकद पुढे पुढे सरकत जाते आणि जिथे कच्चं सापडेल तिथे फोडते. ०.२१ घालायचं असेल तर खुशाल घाला, पण मग इंजिनाबरोबर पूर्ण ट्रान्समिशनचे पैसे बाजूला काढून ठेवा.

माझं जुनं इंजिन गाडीसोबत आलेलं. गार असताना दोन दोऱ्यांत धरायचं. एक टाकी संपवून परत इंधन भरलं की दोरी ओढून खांदा दुखायचा, पण सुरू व्हायचं नाव नाही. इंधन पेटवणारा ग्लो प्लग नवा घातला, इंधन किती जावं ते ठरवणाऱ्या कार्बोरेटरच्या सुया परत लावल्या, फरक शून्य. हे लक्षण ओळखून ठेवा. या जातीच्या इंजिनांत पिस्टनला रिंग नसते. अॅल्युमिनियमचा पिस्टन, पितळी लाइनर (सिलिंडरची आतली नळी) आणि लाइनरला आतून क्रोम, अशी ती जोडी. लाइनर वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो, म्हणून इंजिन गार असताना पिस्टन अगदी वर आला की घट्ट होतो. यालाच पिंच म्हणतात. पिस्टनच्या अॅल्युमिनियममधे सिलिकॉन भरपूर असतं, त्यामुळे तापल्यावर पितळ त्याच्यापेक्षा थोडं जास्त पसरतं आणि चालत्या तापमानाला दोघांत नेमकी फट तयार होते. पिंच झिजला की गार असताना सगळं बरं वाटतं, गरम झालं की कॉम्प्रेशन उरत नाही. इंजिन गार असताना ग्लो प्लग काढून फ्लायव्हील बोटानं फिरवून बघा. चांगल्या इंजिनात वरच्या टोकाला बोट अडतं, जोर लावावा लागतो. माझ्या जुन्यात पिस्टन वरून खाली बिनबोभाट यायचा.

नवं इंजिन ओ.एस.चं घेतलं. ही ओसाकाची कंपनी १९३६ पासून मॉडेल इंजिनं बनवते. पुण्याच्या एका हौशी माणसाकडे न वापरता पडून होतं, तिथून आणलं. डबा उघडल्यावर पहिल्यांदा फ्लायव्हीलशिवाय नुसता क्रँक फिरवायला गेलो तर हातानं वर सरकेचना, एवढा पिंच! जबरदस्ती करायची नसते. हेअर ड्रायरनं सिलिंडरचं डोकं गरम केल्यावर ते मोकळं झालं.

आता खरा मुद्दा. आकडा तोच असला तरी इंजिन सरळ जागेवर बसत नाही. माझ्या बाबतीत नव्याचा क्रँक जुन्यापेक्षा थोडा खाली येत होता, म्हणजे क्लच बेल (इंजिनाच्या शाफ्टवरची छोट्या गिअरची वाटी) आणि स्पर गिअर एका रेषेत येईनात. माउंटखाली वॉशर टाकून काम भागवणारे आहेत, पण मला ते पटत नाही. आणि आपण बेळगावात राहतो! फाउंड्री, हायड्रॉलिक आणि मशीनिंगचं हे गाव. मोठ्या शहरातल्या हौशी मंडळींना जो भाग बाहेरून मागवावा लागतो, तो आपल्याला उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत उभ्या उभ्या करून मिळतो. या छंदासाठी ही केवढी मोठी सोय आहे याची आपल्याला कल्पनाच नाही.

मी ज्या टर्नरकाकांकडे जातो त्यांचा जन्म पंपाचे शाफ्ट आणि व्हॉल्व्हचे स्पूल करण्यात गेला. इंजिन तळहातावर घेऊन त्यांनी व्हर्नियर लावला आणि विचारलं, "हे मिनिटाला किती फिरतंय गा?"

"तीस हजाराच्या वर जातंय, काका."

त्यांनी परत एकदा माप घेतलं. "मग पॉइंट वन एमेमसुद्धा सोडून चालत नाही बघ."

अॅल्युमिनियमच्या बारमधून त्यांनी दोन माउंट काढले आणि दोन्ही एकाच पकडीत धरून मिलिंगवर वरचा पृष्ठभाग एकदमच घेतला, म्हणजे उंचीत केसाचाही फरक नको. हे का, ते सांगतो. दोन माउंट एका पातळीत नसतील तर स्क्रू आवळताना क्रँककेस पिळला जातो आणि तो ताण मेन बेअरिंगवर येतो. तपासायची सोपी रीत आहे: तीन स्क्रू आवळा, चौथा सैल सोडा आणि त्या कानाखाली फट दिसते का बघा. दिसली तर माउंट परत मशीनवर.

फ्लायव्हील शंकूसारख्या कॉलेटवर बसतं. तिथे तेलाचा थेंब राहिला तर ते सरकतं, म्हणून दोन्ही तोंडं स्पिरिटनं पुसून घ्यावीत. क्लच बेलला पुढे-मागे अगदी थोडी हालचाल ठेवायची, ५ मिमी भोकाच्या पातळ चकत्यांनी (शिम) ती जुळवता येते. मग गिअरचा मेश, म्हणजे दातांची एकमेकांत बसणी. वर्तमानपत्राची पट्टी दोन गिअरच्या मधे घालायची, दात एकमेकांवर दाबून इंजिनाचे स्क्रू आवळायचे आणि पट्टी फिरवून बाहेर काढायची. पट्टीवर दातांच्या घड्या दिसल्या पाहिजेत, पण ती फाटलेली नको. फाटली तर मेश फार घट्ट. गिअर पूर्ण फेरा फिरवून चारपाच ठिकाणी हे बघावं, कारण प्लास्टिकचा स्पर क्वचितच अगदी गोल असतो.

नव्या इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांत येते. म्हणून मी क्लच बेल एक दात लहान घेतली आणि क्लचच्या स्प्रिंगा एक नंबर कडक टाकल्या. कागदावर टॉप स्पीड थोडा कमी झाला. नांगरटीतून आणि बांधावरून गाडी काढताना मात्र आता इंजिन गुदमरत नाही. येळ्ळूर रस्त्याच्या बाजूला भात कापून झालं की शिवार मोकळं होतं, आमची चालवायची जागा तीच. मसूर, हरभरा पेरलेल्या पट्टीत गाडी घालू नका आणि मालकाला विचारल्याशिवाय तर अजिबात नको. दोन स्ट्रोकचा आवाज लांबवर जातो, एकाच्या तक्रारीनं सगळ्यांची जागा जाते.

कार्बोरेटरचा थ्रॉटल आर्म जुन्यापेक्षा वेगळ्या बाजूला होता. क्लॅम्पचा बोल्ट सैल करून कार्ब फिरवता येतो, पण सर्व्होची (रिमोटच्या हुकमावर थ्रॉटल हलवणाऱ्या मोटरची) पूर्ण चाल आणि थ्रॉटलची पूर्ण उघडझाप जुळेपर्यंत लिंकेज दोनदा वाकवून करावं लागलं. थ्रॉटल सोडलेला असताना कार्बच्या तोंडाशी साधारण एक मिलिमीटर फट ठेवली.

इंधनाबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे यात गोंधळ फार. पेट्रोल इथे चालत नाही. मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असं हे मिश्रण असतं. मी २० टक्के नायट्रोचं कारचं इंधन वापरतो. विमानाचं स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, त्यात नायट्रो कमी आणि तेल जास्त असतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मेथॅनॉलला ६.४ आणि नायट्रोमिथेनला फक्त १.७, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. म्हणजे सिलिंडरमधे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं. ७५ मिलीची टाकी मला सातआठ मिनिटं पुरते, लिटरभरात तेरा टाक्या. ज्वालाग्राही असल्यामुळे साध्या विमान कुरिअरनं हे येत नाही, ट्रान्सपोर्टनं मागवावं लागतं, तेव्हा संपायच्या आधीच ऑर्डर द्या. आणि मेथॅनॉल विषारी आहे. डबा स्वयंपाकघरात ठेवू नका, पोरांच्या हाताला लागू देऊ नका, भरल्यावर हात धुवा.

ब्रेक-इनला घाई करू नये. पहिल्या टाक्या मी मुख्य सुई बरीच उघडी ठेवून, धुराची जाड रेघ सोडत चालवल्या. डोकं मात्र ९५ अंशांच्या आसपास तापलेलं ठेवलं. फार गार चालवलं तर लाइनर पसरत नाही आणि पिस्टन पिंचवर घासत राहतो. थंडीत सकाळी हे जमेना, तेव्हा डोक्यावरच्या कूलिंग पात्यांभोवती अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळलं. प्रत्येक टाकीनंतर पिस्टन खाली आणून इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं. वर अडकलेल्या अवस्थेत गार झालं तर लाइनर त्याच्यावर आवळतो आणि पिंच जातो.

त्यानंतरची सुई लावायची गोष्ट प्रत्येक गावाची वेगळी असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सातआठ टक्के विरळ. इथे नीट लावलेली गाडी आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला नेली तर तिथल्या दाट हवेत तेच इंधन कमी पडतं, इंजिन लीन होतं. तिथे पोहोचलो की मी मुख्य सुई पूर्ण फेऱ्याचा आठवा हिस्सा उघडतो आणि मग आवाज ऐकून, तापमान बघून ठरवतो. उलट वर येताना तेवढीच बंद. इन्फ्रारेड थर्मामीटरनं ग्लो प्लगजवळ १०५ ते ११५ अंश दिसले की मी सुईला हात लावत नाही. थर्मामीटर नसेल तर डोक्यावर पाण्याचा थेंब टाका. तीनचार सेकंदांत चरचरत उडाला तर ठीक, पडताक्षणी उडाला तर इंजिन जळतंय, लगेच बंद करा. कमी वेगाच्या सुईसाठी गाडी उभी असताना इंधनाची नळी टाकीजवळ चिमटीत धरतो. फेरे दोनतीन सेकंदांत जरा चढून मग बंद पडलं तर सुई बरोबर आहे.

धूळ हा आपल्या भागातला सगळ्यात मोठा शत्रू. खानापूरकडची तांबडी माती पिठासारखी बारीक, चिकोडी-अथणीकडची काळी वाळली की तशीच. फोमचा फिल्टर तेल लावून, मळून, दर फेरीनंतर बदलायचा. मी तेल लावलेले तीनचार फोम डबीत तयार ठेवतो. फिल्टर आणि कार्बच्या जोडावर झिप टाय हवाच. जुनं इंजिन उघडल्यावर लाइनरवर उभे ओरखडे होते, पिंच त्यांनीच खाल्ला.

खेळ संपला की टाकी रिकामी करून उरलेलं इंधन इंजिनात जळून जाऊ द्या आणि कार्बमधून, प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइलचे थेंब सोडून क्रँक फिरवा. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतं, नायट्रो जळून आम्ल मागे राहतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे वाळत नाहीत तिथे बेअरिंगचं काय होईल!

शेवटचं, आणि माझ्या मते यावर खर्च करताना हात आखडू नका: फेलसेफ. रिसीव्हरची बॅटरी अचानक बसली की सर्व्हो आहे त्याच जागी थांबतो. थ्रॉटल उघडा असेल तर अडीच-तीन किलोचं धूड पूर्ण वेगात सुटतं आणि समोर बघायला जमलेली पोरं असतात. रेडिओमधला फेलसेफ सिग्नल गेल्यावर ब्रेक लावतो, पण बॅटरीच गेली तर त्याचा उपयोग नाही. म्हणून थ्रॉटल आर्मला एक ओढ-स्प्रिंगही लावा, बसलेल्या सर्व्होला मागे ओढून कार्ब बंद करण्याइतकी. रविवार पेठेत हार्डवेअरच्या दुकानात स्प्रिंगा मिळतात. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडायचा, रिसीव्हरची बॅटरी काढायची आणि कार्ब आपोआप मिटतो का ते बघायचं. मिटत नसेल तर त्या दिवशी गाडी सुरू करायची नाही.