हाताने काढलेलं चित्र लेझरवर चढवताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरी १० वॉटचं डायोड लेझर (लाकूड वगैरेवर कोरणारं-कापणारं मशीन) आहे, त्यावर घराच्या पाट्या, कोस्टर आणि ताईने काढलेली चैत्रांगणातली चिन्हं (शंख, पाळणा, तुळस वगैरे) असली कामं चालतात. मशीनचे रिव्ह्यू ढिगाने आहेत, मी लिहितोय ते फाइल बनवण्याबद्दल. माझं स्पष्ट मत झालंय की निम्म्याहून जास्त निकाल कागदावरच लागतो, सॉफ्टवेअर नंतर.

कागद गुळगुळीत पांढरा आणि पेन पिगमेंट शाईचं फाइनलायनर, ०.५ किंवा ०.८ चं. हॅन्डमेड पेपर दिसायला भारी पण शाई कागदाच्या तंतूंमधून पसरते आणि ट्रेस केल्यावर (म्हणजे सॉफ्टवेअरने स्कॅनवरून रेषा बनवल्यावर) प्रत्येक कडेला केस फुटल्यासारखं दिसतं. कच्चं चित्र फिकट निळ्या पेन्सिलीने काढायचं, खोडायचं नाही, कलरमध्ये ६०० डीपीआयला स्कॅन करून गिम्पमध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) लाल, हिरवा, निळा असे चॅनल वेगळे करायचे आणि फक्त निळा ठेवायचा, त्यात निळी पेन्सिल जवळपास गायब आणि काळी शाई तशीच! ताईला खोडरबर चालवायला लागत नाही त्यामुळे ती खूश.

स्कॅनर नसेल तर मोबाइलचा फोटोही चालतो, फक्त एका कोपऱ्यात सावली असते त्यामुळे थ्रेशोल्ड (सगळं फक्त काळं किंवा पांढरं करणं) लावला की अर्धा कागद काळा होतो. लेयरची कॉपी घ्या, तिला भरपूर गॉशियन ब्लर द्या आणि मोड डिव्हाइड करा, बॅकग्राउंड एकसारखं पांढरं होतं. तरी स्कॅनर तो स्कॅनरच.

इंकस्केपमध्ये (रेषांची व्हेक्टर फाइल बनवायचं सॉफ्टवेअर) ट्रेस बिटमॅप सोपं आहे पण एक लक्षात घ्या, साध्या ट्रेसमध्ये पेनाच्या एका रेषेच्या दोन कडा मिळतात. म्हणजे ती फाइल लाइन मोडला (लेझर फक्त रेषेवरून फिरतो) टाकली तर लेझर प्रत्येक रेष दोनदा शेजारी शेजारी ओढणार. एकच रेष हवी तर सेंटरलाइन ट्रेस, ठिपक्यांच्या रांगोळीला मस्त, पण दोन रेषा जिथे भेटतात तिथे सांधा वाकडा होतो आणि नोड (रेषेवरचे बिंदू) हाताने सरळ करत बसावं लागतं, याला खरंच वेळ जातो. जाड-बारीक होणारी रेष असेल तर सेंटरलाइनच्या नादी लागू नका, हाताची सगळी मजा त्यातच असते आणि तीच निघून जाते, तिथे फिलच, म्हणजे लेझर आकाराचा आतला भाग ओळीओळीने भरतो. मात्र फिलला वेळ धरा: १० बाय १० सेंटीमीटर, ०.१ मिमी अंतर म्हणजे १००० फेऱ्या, मिनिटाला ३००० मिमी वेगाने अर्ध्या तासाच्या वर.

पाट्यांसाठी देवनागरी अक्षरं हातानेच काढतो. वेगवेगळ्या कागदांवरची अक्षरं जोडून नाव तयार केलं की शिरोरेषा एकमेकींवर येतात आणि लाइटबर्न (लेझर चालवायचं सॉफ्टवेअर) दोन बंद आकार जिथे एकमेकांवर पडतात तो भाग रिकामा सोडतं, म्हणजे नेमकी शिरोरेषेत भोकं. सगळं निवडून वेल्ड मारा, म्हणजे आकार जोडून एकच होतो. अक्षर आरपार कापायचं असेल तर 'ब', 'व'चं पोट गळून पडतं, त्यामुळे चित्रातच बारीक पूल (न कापलेले जोड) सोडायचे, नंतर सॉफ्टवेअरमध्ये घातलेले पूल ठिगळासारखे दिसतात.

काळ्या स्लेटवर लेझर पडेल तिथे फिकट उमटतं, लाकडावर गडद. त्यामुळे वारलीसारखं गडदवर पांढरं चित्र स्लेटला द्यायचं तर लेझरने पांढरा भाग मारायचा, लाकडाला उलटं. मशीन समोर नसेल तर डोकं चक्रावतं, मी फाइलच्या नावातच 'स्लेट' किंवा 'लाकूड' लिहून ठेवतो. रेक्झिनच्या डायऱ्यांवर करून द्या म्हणून लोक मागे लागतात, ते बहुतेक पीव्हीसी असतं, जळालं की विषारी वायू, सरळ नाही म्हणा.

माप मात्र दरवेळी मिमीमध्ये बघा. एसव्हीजी या व्हेक्टर फाइलमध्ये इंकस्केप एका इंचाला ९६ पिक्सेल धरतं, इलस्ट्रेटर ७२, त्यामुळे मित्राने पाठवलेली फाइल भलत्याच साइजची उघडू शकते.

लेझर चालवायला लेझरजीआरबीएल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोजवर चालतं आणि एकट्या चित्राला पुरतं. कापणं, फिल, लाइन असे लेयर एकाच फाइलमध्ये हवे असतील तर लाइटबर्न, ते विकतचं आहे पण ३० दिवस ट्रायल मिळतो, तेवढ्यात आपलं एक चित्र कागदापासून लाकडापर्यंत नेऊन बघा आणि मग पैसे भरायचे का ते ठरवा.