वाईतल्या पोथ्या: मुद्दाम सवड काढून पाहाव्यात अशा

साताऱ्याहून वाईला ढोल्या गणपतीला जाणारे पुष्कळ. त्यातल्या थोड्यांनी तरी प्राज्ञपाठशाळेत जाऊन तिथल्या हस्तलिखित पोथ्या पाहाव्यात. केवलानंद सरस्वती आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची ही संस्था, धर्मशास्त्राच्या वचनांचा मोठा संग्रह असलेला ‘धर्मकोश’ इथलाच.

मी संस्कृतची शिक्षिका, जन्मभर छापील पुस्तकांवर शिकवलं. पोथी समोर आली की अर्थ बाजूला राहतो, नजर अक्षरावरच खिळते. आडवी सुटी पानं, वरखाली लाकडी फळी, त्यावर कापडाचं बासन. काजळाची शाई अजून काळीभोर. चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावून त्यावरच नवं अक्षर काढलेलं. हरताळ हे आर्सेनिकचं खनिज, त्यामुळे किडीलाही ते मानवत नाही.

आणि शेवटचं पान चुकवू नका. पाठ, कंबर, मान मोडून कष्टानं लिहिलंय, ‘यत्नेन परिपालयेत्’, म्हणजे जपून सांभाळावं, अशी लेखनिकाची विनवणी कितीतरी पोथ्यांत असते. हाताच्या अक्षरात ती वाचताना मला गलबलून आलं.

माणसं आपुलकीची, अजिबात घाई करत नाहीत. आधी कळवून जा, हात स्वच्छ धुवा. घरच्या माळ्यावर आजोबांच्या पोथ्या असतील तर कृपा करून नदीत सोडू नका. आधी जाणकाराला दाखवा.