‘180 जीबी कचरा साफ केला’ आणि आम्ही पैसे दिले

सांगलीत औषधांच्या एका होलसेल दुकानात मी हिशेब बघते. बिलिंगचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं, म्हणजे सगळा डेटा त्यातच साठतो. ज्याने ते बसवून दिलं, त्यानेच महिनाअखेरीसाठी स्टॉकचा एक खास रिपोर्टही करून दिला, अर्थात वेगळे पैसे घेऊन.

त्यानंतर दर महिनाअखेरीला संध्याकाळी बिलिंग बंद पडायला लागलं. डिस्क फुल्ल. हा गृहस्थ यायचा, सर्व्हरच्या खोलीचं दार लावून घ्यायचा आणि वीस मिनिटांनी स्क्रीन दाखवायचा, “बघा मॅडम, 180 जीबी जंक डेटा काढला.” बिल 4,500 रुपये. असं सात वेळा झालं. मधेच “डिस्क गेलीय” म्हणून 18,000 ची नवीन 1 टीबीची डिस्क बसवली आणि जुनी बरोबर घेऊन गेला. आधी पावणेनऊला बंद पडणारं बिलिंग नवीन डिस्कवर साडेदहाला बंद पडायला लागलं, एवढाच काय तो फरक.

गणपतीला शेठांची भाची पुण्याहून आली होती. ती डेटाबेसमधलंच काम करते. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “काकू, तुमचा सगळा डेटा मिळून केवढा आहे?” बघितलं तर 22 जीबी. “मग 180 जीबी त्याने पुसले कुठून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिने तो रिपोर्ट माझ्यासमोरच चालवला आणि शेजारी डिस्कची मोकळी जागा उघडून ठेवली. आकडा डोळ्यांदेखत उतरायला लागला. थोड्या वेळाने तिने रिपोर्ट मधेच थांबवला, आणि गेलेली सगळी जागा क्षणात परत आली. कुणी काही साफ केलं नव्हतं. मेमरीत न मावणारं सॉर्टिंग पोस्टग्रेस डिस्कवर तात्पुरत्या फायलींत करतं, आणि काम संपलं किंवा थांबवलं की त्या स्वतःच पुसतं. सर्व्हर कोलमडला आणि फायली मागे राहिल्या, तरी सर्व्हिस परत चालू करताना त्या जातात. म्हणजे बंद दाराआड आमच्या माणसाने फक्त रीस्टार्ट केला होता.

चूक रिपोर्टच्या एका ओळीत होती. बिलं आणि बॅचेस फक्त आयटम कोडवर जोडल्या होत्या, बॅच नंबर घेतलाच नव्हता. एखाद्या गोळीच्या 3,000 बिलओळी आणि 400 बॅच नोंदी असतील, तर त्या एका गोळीच्या 12 लाख ओळी तयार होतात. असे आमच्याकडे हजारो आयटम! ओळ दुरुस्त केल्यावर रिपोर्ट 11 सेकंदांत आला.

अशी चूक कुणाच्याही हातून होईल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नसलेला कचरा काढल्याचं बिल सात वेळा चुकून होत नाही.

तुमच्याकडे असं होत असेल, तर पैसे द्यायच्या आधी ‘लॉग_टेम्प_फाइल्स’ ही पोस्टग्रेसची सेटिंग शून्यावर ठेवायला सांगा. मुळात ती बंद असते. चालू केली की कोणत्या क्वेरीने (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने) किती मोठी तात्पुरती फाइल केली, ते लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्ये, उमटतं. ‘टेम्प_फाइल_लिमिट’ या दुसऱ्या सेटिंगमध्येही मुळात मर्यादा नसते. ती घातली की हद्द ओलांडणारी क्वेरी तेवढी रद्द होते, बिलिंग चालू राहतं.

शेठ म्हणाले, भांडत बसायला वेळ नाही, पासवर्ड बदला. तो त्याच दिवशी बदलला. जुनी डिस्क मागायला फोन केला तर उचलत नाही. तिच्यात आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची 6 वर्षांची उधारी आहे.