क्विल्टच्या डिझाइनसाठी इंकस्केप : बरेच महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

आधीच सांगते, इंकस्केप हे क्विल्टचं सॉफ्टवेअर नाहीये. लोगो, पोस्टर, चित्रं असलं काढायचं ते फुकट सॉफ्टवेअर आहे, २००३ पासून आहे, जगभरातले लोक मिळून बनवतात. तरी मी पावसाळ्याच्या आधीपासून माझ्या सगळ्या पॅचवर्कची (कापडाचे तुकडे जोडून केलेल्या चादरींची) डिझाइन्स त्यातच करतेय आणि अजून तरी सोडावंसं वाटलं नाही. खास क्विल्टसाठी बनवलेली सॉफ्टवेअर्स आहेत, इलेक्ट्रिक क्विल्ट नावाचं तर प्रसिद्धच आहे, त्याची आठवी आवृत्ती २०१७ ला आली, त्यात हजारो तयार ब्लॉक्स (ब्लॉक म्हणजे तुकडे जोडून केलेला नक्षीचा एक चौकोन, असे चौकोन जोडून चादर होते) असतात, कापड किती लागेल ते तेच सांगतं, कापायचा तक्ता पण छापून देतं. पण ते डॉलरमध्ये घ्यायचं, आणि हिशोब मुळात इंच-यार्डाच्या वळणाचा. आपण ठाण्यात जांभळी नाक्यावर जाऊन मीटरने कापड घेणार, पन्हा कधी ३६ इंच कधी ४४, तेव्हा म्हटलं आधी फुकटातलं नीट शिकून बघू.

लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅमवाला, मुलीचं कॉलेज संपल्यावर पडून होता. त्यावर चालतं. ब्लॉक जास्त झाले की हळू होतं, पण त्यावर उपाय आहे, कंट्रोल दाबून ५ दाबायचं, म्हणजे रंग जाऊन नुसत्या रेषा दिसतात आणि मशीन परत हलायला लागतं, पुन्हा पुन्हा दाबलं की रंग परत येतात. पहिल्यांदा चुकून दाबलं गेलं तर माणूस घाबरतो की सगळं रंगकाम गेलं. गेलेलं नसतं.

सगळ्यात जास्त फायदा कशाचा झाला विचाराल तर क्लोनचा, म्हणजे मूळ आकाराला जोडलेल्या नकलांचा. एक ब्लॉक काढायचा, त्याचा ग्रुप करायचा, एडिट मेन्यूत क्लोनमध्ये टाइल्ड क्लोन म्हणून आहे तिथे ७ आडव्या ओळी ५ उभ्या रांगा टाकायच्या, झाली सिंगल बेडची चादर. ३० सेंटीमीटरचा ब्लॉक धरला तर १५० बाय २१०, त्याला साडेसातची पट्टी चारी बाजूंनी लावली की १६५ बाय २२५. आता मूळ ब्लॉकमधला एक त्रिकोण निळ्याचा मोरपंखी केला की ३५ च्या ३५ ठिकाणी बदलतो. वहीत चौकटी आखून स्केचपेनने रंगवलेत ना त्यांना कळेल हे काय सुख आहे. त्याच खिडकीत रोटेशनचा टॅब आहे, तिथे प्रत्येक रांगेला ९० अंश टाकलं की तोच अर्धा गडद अर्धा फिका चौकोन फिरत फिरत जातो आणि एकदम वेगळीच नक्षी तयार होते, संध्याकाळी चहाला बसलं तरी दहा नक्ष्या बघून होतात.

पण इथेच दोन गोच्या आहेत. एक, टाइल्ड क्लोन केल्यावर मूळ ब्लॉक पहिल्या क्लोनच्या खाली तसाच राहतो, म्हणजे कोपऱ्यात एकावर एक दोन असतात, तो उचलून बाजूला ठेवायचा (डिलीट नाही करायचा, नाहीतर क्लोन पोरके होतात). दुसरी गोची जास्त छळते. तुम्ही चौकोन काढला १५० मिलिमीटरचा, त्याला १ मिलिमीटरची काळी कड दिली, तर वरच्या पट्टीत माप दिसतं १५१. कारण ते कडेसकट मोजतं. आणि क्लोन पण त्याच मापाने लावतं, मग ब्लॉक एकमेकांपासून किंचित सुटे सुटे दिसतात. प्रेफरन्सेसमध्ये टूल्समध्ये बाउंडिंग बॉक्स म्हणून आहे, तिथे व्हिज्युअल असतं ते काढून जिओमेट्रिक करायचं. एवढं केलं की माप खरं दिसायला लागतं. मी तर म्हणते इन्स्टॉल केल्या केल्या पहिलं हेच करा, आणि दुसरं म्हणजे डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये युनिट मिलिमीटर करून ग्रिड लावा आणि स्नॅप (टोकं आपोआप चिकटवणारी सोय) चालू ठेवा, नाहीतर त्रिकोणांची टोकं एकमेकांना कधीच भेटत नाहीत.

टोकं न भेटण्यावरून आठवलं, रंग भरायच्या बादलीच्या फंदात पडू नका. नवीन माणूस काय करतो, रेषा रेषा मारून ब्लॉक काढतो आणि मग बादलीने रंग ओततो. ती बादली स्क्रीनवर जेवढं दिसतंय तेवढंच बघते, त्यामुळे झूम केलेलं असेल आणि आकाराचा एक कोपरा स्क्रीनच्या बाहेर असेल तर दिसतंय तेवढ्याच भागात रंग भरतो, आणि पूर्ण भरला तरी कडेला बारीक फट राहते. प्रत्येक तुकडा वेगळा बंद आकार म्हणूनच काढायचा, पेन टूलने सुरुवातीच्या बिंदूवर परत येऊन क्लिक केलं की आकार बंद होतो. दुसऱ्याची फाइल असेल आणि त्यात टोकं सुटी असतील तर ती दोन टोकं निवडून शिफ्ट जे. आणि हो, नीट जोडलेल्या दोन तुकड्यांच्या मधे पण कधी कधी केसाएवढी पांढरी रेघ दिसते, ती स्क्रीनवर कडा गुळगुळीत दाखवायच्या नादात येते, झूम केलं तरी तेवढीच बारीक राहते. तिच्यामागे लागून संध्याकाळ घालवू नका, कापडात ती नसते.

आता शिलाईचं मार्जिन. हे इंकस्केप देत नाही, देणार कसं, त्याला माहितीच नाही आपण शिवणार आहोत. मी करते काय, तुकड्याला १५ मिलिमीटर जाडीची कड देते, त्यातली निम्मी आत निम्मी बाहेर पडते, म्हणजे बाहेर बरोबर साडेसात मिलिमीटर मिळतं, मग स्ट्रोक टू पाथ करून (म्हणजे त्या कडेचाच वेगळा आकार होतो) बाहेरची रेषा कापायची आणि मूळची रेषा शिवायची. चौकोनाला, साध्या त्रिकोणाला मस्त चालतं. पण ताऱ्याच्या पाकळ्यांसारखे एकदम निमुळते तुकडे असले की टोक आपोआप छाटलं जातं! कारण त्यात माइटर लिमिट म्हणून आकडा असतो, तो ४ असतो, आणि साधारण २९ अंशांपेक्षा अरुंद कोन आला की तो टोक बोथट करतो. तो आकडा वाढवून १० केला की नेहमीच्या ताऱ्यांना पूर्ण टोक मिळतं. खरं तर शिवणाऱ्यांना बोथट टोक सोयीचंच असतं, दोन तुकडे जुळवताना ते लांब कान मधे येत नाहीत, त्यामुळे आता मी मुद्दाम तसंच ठेवते, पण आधी माहीत पाहिजे की असं का होतंय.

कापडाचा हिशोब मात्र स्वतःच करावा लागतो आणि मला विचाराल तर तो स्वतःच केलेला बरा. एक उदाहरण देते. अर्ध्या त्रिकोणांचे चौकोन (एक गडद आणि एक फिका त्रिकोण जोडून झालेले), शिवून झाल्यावर १५ सेंटीमीटरचे हवेत, ब्लॉकमध्ये ४, ब्लॉक ३५, म्हणजे १४० चौकोन. एक गडद आणि एक फिका चौकोन एकमेकांवर ठेवून, तिरकी रेघ मारून, दोन्ही बाजूंनी शिवून मधून कापला की दोन मिळतात, म्हणजे प्रत्येक रंगाचे ७० लागणार. किती मोठे कापायचे? इंचवाल्यांचा ठोकताळा आहे तयार मापात पाऊण नाही, सात अष्टमांश इंच मिळवायचे, तो पाव इंच मार्जिनचा आहे. आपलं मार्जिन साडेसात मिलिमीटर असेल तर त्याच्या ३.४१ पट, म्हणजे २.५६ सेंटीमीटर, सोयीसाठी २.६. म्हणून १७.६ सेंटीमीटर. शिवून उलगडल्यावर साडेसोळा यायला पाहिजे.

आता ४४ इंचाचा पन्हा असेल तर धुऊन, किनारी सोडून १०७ सेंटीमीटरच्या आसपास उरतं, एका पट्टीत ६ बसतात, १२ पट्ट्या, २ मीटर ११ सेंटीमीटर. ३६ च्या पन्ह्याची गंमत बघा. १७.६ गुणिले ५ बरोबर ८८. दुकानात मोजलं तर ९१ भरतं, वाटतं आरामात ५ बसतील, १४ पट्ट्या, अडीच मीटर पुरे. पण कॉटन धुतल्यावर ३-४ टक्के आटलं आणि किनार गेली की ८७ उरतात आणि पट्टीत ४ च बसतात. मग १८ पट्ट्या, ३ मीटर १७. एका सेंटीमीटरसाठी ७० सेंटीमीटर कापड जास्त! आणि तोच रंग परत मिळेल याची काही खात्री नाही, विशेषतः उल्हासनगरहून कटपीस आणले असतील तर नाहीच. त्यामुळे घरी आणल्या आणल्या धुवा, वाळवा, मग मोजा, आणि मग फाइलमध्ये ब्लॉकच ३० चा २९ करता येतो का बघा. हे करायला मात्र सॉफ्टवेअर सोन्यासारखं आहे, एका मिनिटात सगळी चादर नव्या मापाची होते.

प्रिंटिंगबद्दल सगळ्यात जास्त लोक रडतात. साचा काढला १५ चा, झेरॉक्सवाल्याकडून आला साडेचौदाचा. यात इंकस्केपचा काही दोष नसतो, पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फिट टू पेज निवडलेलं असतं, तो कागदाच्या कडा सोडायला सगळं चित्र थोडं आवळतो. अॅक्चुअल साइज किंवा १०० टक्के करायला सांगायचं. दुकानातला मुलगा घाईत असतो, त्याला दहा लोकांचे आधार कार्ड छापायचे असतात, तो म्हणतो "ताई सेमच येतं". येत नाही. मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ५ सेंटीमीटरचा रिकामा चौकोन काढून ठेवते आणि काउंटरवरच पट्टी लावते, बरोबर असेल तरच बाकीची पानं. ३० चा पूर्ण ब्लॉक ए४ वर बसत नाही (तो २१ बाय २९.७ असतो), पण पूर्ण ब्लॉक छापायची गरजच काय, त्यातले वेगवेगळे तुकडे तेवढे छापायचे. कागदावर शिवायची पद्धत करणार असाल तर छापायच्या आधी डिझाइन आडवं उलटं करा, कारण कापड कागदाच्या मागच्या बाजूला येतं आणि शेवटी सगळं आरशातल्यासारखं दिसतं. चौकडीला फरक पडत नाही, पण पक्षी, होडी, अक्षर असलं काही असेल तर पडतो.

नेटवरून फुकट पॅटर्न उतरवणाऱ्यांसाठी अजून एक. जुन्या इंकस्केपमध्ये एक इंच म्हणजे ९० पिक्सेल धरायचे, ०.९२ आवृत्तीपासून ९६ झाले. जुनी फाइल उघडताना ते विचारतं काय करायचं, आपण न वाचता ओके करतो, आणि ३० चा ब्लॉक २८.१ चा होऊन बसू शकतो. डोळ्यांना कळत नाही कारण सगळंच सारख्या प्रमाणात लहान होतं. माप विचित्र दिसलं की ९६ भागिले ९०, म्हणजे १०६.६७ टक्के करून बघा.

कापडाचा फोटो काढून तो तुकड्यात भरता येतो, त्याला पॅटर्न करता येतं. छान दिसतं, नवऱ्याला, बहिणीला दाखवायला बरं. पण फोटो फाइलच्या आत घ्यायचा, एम्बेड करायचा, नुसता लिंक केला आणि नंतर फोटोचा फोल्डर हलवला की सगळ्या चादरीवर फोटो सापडत नाही असं लिहिलेले चौकोन. आत घेतला की फाइल जड होते, म्हणून फोटो आधी लहान करून घ्या. खरं सांगायचं तर मी आता फोटो भरतच नाही, साधे रंग भरते आणि शेवटी रंग काढून काळं-पांढरं करून बघते. त्यात गडद आणि फिकं वेगळं दिसलं तरच नक्षी उठून दिसणार. लाल आणि हिरवा स्क्रीनवर इतके वेगळे वाटतात, पण काळ्या-पांढऱ्यात दोन्ही सारखेच करडे निघाले तर लांबून अंथरूण नुसतं गढूळ दिसतं. गावदेवीच्या बाजूला एका दुकानात खादी कॉटन घेतलं होतं, मेंदी आणि विटकरी, ते असंच निघालं, तेव्हा विटकरीच्या जागी हळदीचा पिवळा घातला.

कोपरीला एक मावशी आहेत, ऑर्डरच्या गोधड्या करतात, जुन्या साड्यांचे थर आणि वर हाताचा धावदोरा, कडेपासून सुरू करून आत आत जात. त्यांना लॅपटॉपवर हे सगळं दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अगं पण एवढं सगळं आधीच ठरलं तर शिवताना काय करायचं?" मी म्हटलं, "मावशी, तुमच्यासाठी नाहीच हे." आणि खरंच नाही. ज्यांच्या हातात चिंध्या आहेत आणि चिंध्याच ठरवणार कुठे काय लागायचं, त्यांना याचा काडीचा उपयोग नाही. हे आहे मोजून-मापून ब्लॉक करणाऱ्यांसाठी, ज्यांना नवीन कापड विकत आणायचंय आणि पैसे फुकट घालवायचे नाहीत.

मार्क द्यायचे तर डिझाइन बघायला दहापैकी नऊ, मापाला सात (ते पण सेटिंग बदलल्यावर), कापडाच्या हिशोबाला शून्य, तो वहीत करा. शिकायला वेळ लागतो, पहिले काही आठवडे चिडचिड होते, मराठीत शिकवणारं फारसं सापडत नाही. ऑटोसेव्ह प्रेफरन्सेसमध्ये आहे, ते चालू आहे ना बघून घ्या, इथे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी नावालाच आहे. मोबाइलवर होईल का असं खूप जणी विचारतात, नाही होणार, टचपॅडवर पण नको, दोन-तीनशे रुपयांचा माउस आणा, मग बसा.