शिक्षा तालमीला की दगड मारणाऱ्याला?

शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यात राडा झाला की कोल्हापुरात दोनच उपाय चर्चेत येतात. एक, तालमीच्या अख्ख्या संघालाच शिक्षा: दंड, बंदी किंवा प्रेक्षकांविना सामना. दुसरा, दगड मारणारा शोधून फक्त त्यालाच मैदानाबाहेर ठेवायचं.

पहिला सोपा. पुरावा फारसा लागत नाही, निर्णय झटपट होतो. १९८५ साली ब्रुसेल्सच्या हेजेल मैदानात ३९ जणांचा जीव गेला, तेव्हा युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, इंग्लंडच्या सगळ्या क्लबांना युरोपीय स्पर्धांतून बाहेर काढलं. ती बंदी १९९० पर्यंत टिकली. दंगा लिव्हरपूल क्लबच्या पाठीराख्यांचा, पण भोगलं एव्हर्टनसारख्या दुसऱ्या क्लबनंही. आपल्याकडं तर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण या संघांच्या मागं अख्खी पेठ असते. गॅलरीतल्या चार टाळक्यांपायी सकाळी सहाला सरावाला उतरणारी पोरं का घरी बसवायची?

दुसऱ्या वाटेला कष्ट आहेत. इंग्लंडमध्ये कोर्ट एखाद्या प्रेक्षकावर किमान तीन, जास्तीत जास्त दहा वर्षं बंदी घालतं. परदेशातल्या ठरावीक सामन्यांच्या वेळी त्याला पासपोर्टही जमा करावा लागतो. त्यासाठी कॅमेरे हवेत, तिकिटावर नाव हवं, आणि फुटेजमधला चेहरा ओळखीचा निघाला तरी पोलिसांना सांगायची तयारी हवी. इथंच गाडी अडते. आपल्याच गल्लीतल्या पोराचं नाव कोण देणार?

तरी माझं मत दुसऱ्याच बाजूनं. संघावर बंदी आली की दगड मारणारा गल्लीत मिशीला पीळ देत फिरतो. एकट्यालाच हंगामभर गेटवर अडवलं, तर घरात, तालमीत जाब त्यालाच द्यावा लागेल.